खुर्ची रिकामी झाली. पण गैरहजर कोण?

आखाजीला माणसे गावी परततात. सुरत, बारडोलीकडच्या साखर कारखान्यांचा हंगाम संपतो, मुकादमाचा हिशेब होतो आणि दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या वस्त्यांतून पुन्हा चुली पेटतात. अशाच एका आखाजीनंतर साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एक भिल्ल भगिनी आमच्याकडे साक्रीच्या कोर्टात आली. अनुसूचित जमातीच्या महिला राखीव जागेवर ती ग्रामपंचायतीत निवडून आलेली. हातात एक घडी घातलेला कागद. तो तिला गावात कोणीतरी दिला होता, पण वाचून कोणी दाखवला नव्हता. आम्ही वाचला. मासिक सभांना सतत गैरहजर राहिल्यामुळे तिचे सदस्यपद रिक्त झाल्याबाबतचा प्रस्ताव वर गेला होता. आम्ही तिला अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वकीलदादा, मी काय चोरी करी का? पोट भराले गयथू."

गावाचे नाव आम्ही येथे देत नाही. प्रकरण अजून संपलेले नाही, आणि तिला त्याच गावात राहायचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४० मध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. जो सदस्य सलग चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहतो, आणि जो सलग सहा महिने पंचायतीच्या सभांना येत नाही, त्याचे पद रिक्त होते. दोन्ही ठिकाणी एक सुटका आहे. पंचायतीची रजा! रजा घेतली असेल तर पद जात नाही, आणि गावाबाहेर राहण्यासाठी ही रजा सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्या कायद्यांतही कमीअधिक मुदतीने हाच प्रकार आहे. साक्रीत आता नगरपंचायत आहे, तिथल्या नगरसेवकालाही हा नियम चुकलेला नाही.

नियम वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी निवडून दिलेला माणूस सभेलाच येत नसेल तर त्याने खुर्ची अडवून बसू नये, हे कोणालाही पटेल. इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यात हेच सहा महिने आहेत. तिथेही आधी मंजुरी घेतली नसेल तर नगरसेवकपद जाते. आपल्या संविधानाच्या कलम १०१ आणि १९० मध्ये खासदार-आमदारांसाठी साठ दिवसांची मर्यादा आहे. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकते. पंजाबचे राज्यसभा सदस्य बरजिंदर सिंग हमदर्द यांची जागा २००० साली अशीच गेली.

पण ऊसतोडीचा हंगाम किती महिन्यांचा असतो? दिवाळी ते आखाजी मोजा. साडेपाच, सहा महिने. कायद्याने चार महिने आणि सहा महिने लिहिताना कोणाचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवले होते? ज्याची जमीन गावात, विहीर गावात, दुकान गावात, तो चार महिने गाव सोडून कशाला जाईल? चार महिने गाव सोडतो तो भूमिहीन. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, मावची, कोकणा वस्त्यांतला, आणि आमच्या बौद्ध, मातंग, चर्मकार वस्त्यांतलाही जो सुरत, नाशिक, पुण्याच्या बांधकामावर जातो तो. म्हणजे कायद्याचे शब्द सर्वांना सारखे, पण त्याची कुऱ्हाड पडते ती ज्याच्यासाठी राखीव जागा ठेवली त्याच्याच मानेवर. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दरवाजा उघडला, आणि १९५८ चे कलम दाराआड उभे आहे!

आमच्या भगिनीच्या प्रकरणातले कागद आम्ही मिळवले. मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी सदस्याला पोचली पाहिजे असा नियम आहे. प्रत्येक महिन्याच्या नोटिशीवर शेरा काय, तर "सदस्य घरी आढळून आल्या नाहीत." महिन्यामागून महिना तोच शेरा, तीच शाई. झोपडीला कुलूप आहे हे शिपायाला पहिल्याच महिन्यात कळले होते. मजुरांचा ट्रक ग्रामपंचायतीच्या समोरच भरला जातो. उचल कोणी घेतली, कोणता मुकादम, कोणता कारखाना, हे सगळ्या गावाला तोंडपाठ. मोबाईल नंबर मतदारयादीच्या वेळी सगळ्यांकडे होता. मग एक फोन का झाला नाही? "बाई, जाण्यापूर्वी रजेचा अर्ज दे," एवढे एक वाक्य कोणी का बोलले नाही? कारण बोलायचेच नव्हते. उपसरपंचाच्या निवडीत तिने कोणाला हात वर केला होता हे लक्षात घेतले की शेऱ्याचा अर्थ लागतो.

वकील म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोटीस नीट बजावली नाही, सुनावणीची संधी दिली नाही, हे मुद्दे आम्ही मांडले आहेत. गैरहजर असणे आणि गैरहजर राहणे यात फरक आहे, पोटासाठी जाणे म्हणजे सभेकडे पाठ फिरवणे नव्हे, हेही मांडले आहे. पण चार महिने गावाबाहेर राहण्याचे कलम तिला आडवे येते, आणि रजेचा एक साधा कागद असता तर यातले काहीच करावे लागले नसते. ती कोर्टाच्या पायऱ्या चढली ती एका न लिहिलेल्या अर्जामुळे.

रजा कोणाला मिळते तेही पाहा. सचिन तेंडुलकर राज्यसभेत येत नाहीत म्हणून २०१४ साली सभागृहात आवाज उठला. त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि सभागृहाने तो मंजूर केला. खासदार अमृतपाल सिंग राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली दिब्रुगडच्या तुरुंगात होते. लोकसभेने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या ५४ दिवसांच्या गैरहजेरीला रजा मंजूर केली. त्या दोघांच्या राजकारणाशी किंवा कीर्तीशी आम्हाला येथे कर्तव्य नाही. क्रिकेटपटूला रजा मिळते, तुरुंगातल्या माणसालाही मिळते. मग उसाच्या फडातल्या बाईला का मिळू नये? मिळते! कायद्यात आहे. तिला कोणी सांगितले नाही इतकेच.

आता दुसऱ्या गैरहजेरीकडे वळू. ती रजिस्टरात कधीच सापडत नाही. गावोगावी आम्ही हजेरी रजिस्टर पाहिले आहे. बारा महिने, बारा सह्या, आणि ज्या बाईची सही तिला ग्रामपंचायतीची खोली आतून कशी आहे ते माहीत नाही! रजिस्टर तिच्या घरी जाते, चुलीसमोर सही होते. सभेत बसतो तिचा नवरा, सासरा किंवा ज्याच्या शेतात ती मजुरीला जाते तो शेतमालक. प्रोसिडिंगमध्ये "सर्वानुमते मंजूर". ही बाई कायद्याने हजर आहे. उसाच्या फडात असलेली कायद्याने गैरहजर आहे. एकीचे पद सुरक्षित, कारण तिची गैरहजेरी गावच्या प्रस्थापितांच्या सोयीची आहे. दुसरीचे गेले, कारण तिची हजेरी गैरसोयीची होती. महाराष्ट्राने २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण दिले. त्यातल्या किती खुर्च्यांवर खरोखर बाई बसते ते तालुक्याच्या ठिकाणी एखादा आठवडा बसून बघावे.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. तामिळनाडूत मदुराईजवळच्या मेलवळवू गावी मुरुगेसन राखीव जागेवर पंचायत अध्यक्ष झाले. ३० जून १९९७ रोजी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातीयवाद्यांनी बसमधून ओढून ठार मारले. त्याच मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरीपट्टी या गावांत १९९६ पासून २००६ पर्यंत दलित अध्यक्ष खुर्चीवर टिकूच दिला गेला नाही. उमेदवारच उभा राहायचा नाही, आणि कोणी निवडून आला तर लगेच राजीनामा! आमच्याकडे तलवार निघत नाही, नोटीस निघते. तिसरे अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतरचे, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही, घराची पट्टी थकली, गायरानावर घर आहे म्हणून अतिक्रमण. ज्या समाजाला गावाने बसायला जागाच दिली नाही त्याने गायरानात घर बांधले की तो अपात्र! या यादीत गैरहजेरीचे कलम सर्वांत सोपे. काही करावेच लागत नाही, फक्त सांगायचे नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. गाव म्हणजे स्वर्ग असे मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बाबासाहेबांना गाव ठाऊक होता. चाळीसगावच्या स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला, मग समाजातल्याच एका अननुभवी माणसाने हाकला आणि ते पुलावरून पडले, ही १९२९ ची गोष्ट आमच्या खानदेशातलीच आहे.

पण समाजबांधवांनो, आता थोडे स्वतःच्या घरातही पाहू. नाहीतर हा लेख केवळ दुसऱ्यांना शिव्या देण्याचा होईल.

१९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे जमतो. आम्हीही जातो. पांढरी साडी, निळा झेंडा, पुस्तकांची दुकाने, पाऊस. मागे एकदा तिथे जमलेल्या ओळखीच्या ग्रामपंचायत सदस्यांना आम्ही सहज विचारले, "गेल्या मासिक सभेत काय विषय होते?" काहींनी बरोबर सांगितले. काही हसले. एक जण म्हणाले, "वकीलसाहेब, तिथे आमचे ऐकतो कोण? म्हणून जात नाही." हे गृहस्थ ऊसतोडीला गेलेले नव्हते. नोकरीत होते, गाडीने आले होते, गावातच राहतात. ऐकत नाहीत म्हणून जात नाही, आणि जात नाही म्हणून ऐकत नाहीत. यातली गाठ कोण सोडवणार?

संविधानाच्या मसुदा समितीत सात जण होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले ते आपण जयंतीच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होता, एक संस्थानाच्या कामात, एकदोघे दिल्लीपासून दूर. भार पडला तो एकट्या डॉ. आंबेडकरांवर. या समितीचे काम १४१ दिवस चालले. बाबासाहेबांची प्रकृती त्या काळात बरी नव्हती. त्या सभेत त्यांची जागासुद्धा सहज मिळालेली नव्हती; बंगालमधून निवडून गेले, फाळणीने ती जागा गेली, मग मुंबईतून पुन्हा जावे लागले. भाषणात हे सांगून टाळ्या घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला महिन्यातून एकदा दोन तास ग्रामपंचायतीत बसवत नाही, याला काय म्हणावे?

आणि न गेल्याने काय जाते ते सांगतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च करायचे हे मासिक सभेत ठरते. आमचा माणूस खुर्चीवर नसेल तर त्या पैशाचे गावच्या वेशीवर कमान होते, हे आम्ही पाहिले आहे. वस्तीतली गटार, स्मशानभूमीचा रस्ता, समाजमंदिराची वीज, घरकुलाच्या यादीतला क्रम, सगळे त्याच खोलीत ठरते. साक्री तालुक्यातील ८० गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत, आणि तिथलीच माणसे सर्वाधिक स्थलांतर करतात. अधिकार गावात आणि माणूस फडात!

शासनालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. सदस्य सहा महिने गैरहजर राहिला तर त्याचे पद जाते. मग सभागृहच गैरहजर राहिले तर कोणाचे पद जाते? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातल्या बहुतेक महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा त्या सुमारास प्रशासकांच्या हाती गेल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे संविधानाचे कलम २४३-ई आणि २४३-यू सांगते. तरी वर्षामागून वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा निवडणुकांची चाके हलली. ओबीसी आरक्षणाचा वाद होता हे आम्ही जाणतो, त्या आरक्षणाच्या बाजूनेच आम्ही आहोत. पण तीन-तीन वर्षे लाखो मतदारांचा प्रतिनिधी गैरहजर ठेवणाऱ्यांना कोणी नोटीस काढली? कोणत्या दारावर चिकटवली? भिल्ल बाईला सहा महिने, आणि सरकारला मोजमापच नाही.

कायद्यात आमच्या बाजूचे हत्यारही आहे, ते गंजत पडले आहे. कलम ३६ प्रमाणे सरपंचाने नियमानुसार मासिक सभाच बोलावल्या नाहीत आणि त्याला पुरेसे कारण नसेल, तर सरपंच स्वतः अपात्र ठरतो. सभा महिन्यातून एकदा झालीच पाहिजे. कित्येक गावांत सभा कागदावरच होते. माहितीच्या अधिकारात वर्षभराच्या सभांच्या नोटिसा, पोच आणि प्रोसिडिंग मागा. तारखा जुळवा. ज्या दिवशी सरपंच तालुक्याला दुसऱ्याच कार्यक्रमात होता त्या दिवशी त्याची सही सभेच्या रजिस्टरवर सापडते की नाही ते बघा. आम्ही दोन ठिकाणी हे करून पाहिले. दोन्ही ठिकाणी पुढच्या महिन्यापासून नोटिसा वस्तीत वेळेवर येऊ लागल्या!

शासनाकडे आमची मागणी फार मोठी नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या सदस्याला रजेची तरतूद निवडून येताच लेखी कळवा. दोन सभा चुकल्या की पद जाण्याचा इशारा त्याच्या हाती पडेल असा पोचवा, कुलपाला नव्हे. गैरहजेरीचे कारण मजुरी असेल तर सुनावणीशिवाय पद रिक्त धरू नका. बैठक भत्ता दिवसाच्या रोजाला पुरेल इतका तरी करा. आज तो पुरत नाही. सभेला जायचे म्हणजे रोज बुडवायचा, हे ज्याने कधी रोज केलेला नाही त्याला कळत नाही.

पण मागणी मान्य होईपर्यंत दिवाळी येते, ट्रक उभा राहतो. म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, भारतीय बौद्ध महासभेच्या शाखांनी, महिला मंडळांनी घटस्थापना ते दिवाळी या दिवसांत आपल्या आणि आदिवासी बांधवांच्या वस्तीतल्या प्रत्येक सदस्याच्या घरी जावे. बौद्ध आहे की भिल्ल आहे हे विचारू नये. कोरा कागद आणि पेन सोबत न्यावा. अर्ज सरपंचांच्या नावे, ग्रामसेवकाच्या हाती द्यायचा (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). त्यात एवढेच लिहावे:

"मी प्रभाग क्रमांक अमुकमधून निवडून आलेली सदस्य असून मजुरीसाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी जात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४० प्रमाणे मला या काळासाठी गावाबाहेर राहण्याची व मासिक सभांना गैरहजर राहण्याची रजा मंजूर करावी. हा अर्ज पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा व निर्णय मला अमुक मोबाईल नंबरवर आणि लेखी कळवावा."

खाली सही किंवा अंगठा, तारीख. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत लिहू नये. दोन प्रती कराव्यात, एकीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी आणि पावती जपून ठेवावी. ट्रक निघण्यापूर्वीच्या मासिक सभेत हा विषय आला पाहिजे, म्हणून अर्ज शक्य तितका आधी द्यावा. सभेने रजा नाकारली तर नाकारल्याचा ठराव मागावा आणि तो घेऊन आमच्याकडे यावे. साक्रीच्या कोर्टात आम्ही कामाच्या दिवशी सकाळी अकरापासून असतो. या कामाची फी नाही.